बुक्का लागला की बसायचं

आमच्या घरी डिसेंबर आला हे मला थंडीवरून कळत नाही, गोपिकेच्या घशावरून कळतं. सकाळी अंघोळ करून ती देवघरापुढे पेटी घेऊन बसते आणि खालचा सा धरते. बराच वेळ तिथंच राहते, मग पायरी पायरीनं वर चढते. मी बाहेरच्या खोलीत शाल गुंडाळून चहा पीत ऐकत असतो. मला स्वतःला गाता येत नाही. जन्म गेला नागपूरच्या लकडगंजात, लाकडाच्या टालीवर, आरा मशीनच्या आवाजात. पण ऐकता येतं. कीर्तन ऐकायचं वेड मला लग्नानंतर लागलं आणि ते अजून उतरलं नाही.

गोपिका माझी बायको, भिवापूरच्या कीर्तनकाराची लेक. पौषातल्या शुद्ध एकादशीला ती आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात कीर्तनाला उभी राहते. वर्षातून तेवढं एकच कीर्तन, तिच्या वडिलांच्या, म्हणजे बापूजींच्या नावाचं. बापूजी गेले तेव्हापासून तिनं ते कधी चुकवलं नव्हतं. गेल्या वर्षी चुकलं.

ते आजारपणानं चुकलं नाही, सुट्टीनं चुकलं. नाताळच्या सुट्टीत आमची काजल पुण्याहून येते, सोबत जावई रोहित आणि नात मयुरा. लेक वर्षाकाठी एकदा येते म्हटल्यावर गोपिकेच्या अंगात काय संचारतं देव जाणे. एक दिवस कणकेचे जाड भाजलेले पानगे, एक दिवस वांग्याचं भरीत, तिसऱ्या दिवशी पुरणाची पोळी, मध्येच डिंकाचे लाडू, पाहुण्यांचे पाहुणे, रामटेकची सहल, परत आल्यावर पुन्हा गरम गरम वरण-भात. एकादशी उजाडली तेव्हा तिचा आवाज आरा मशीनला ओलं लाकूड लावल्यासारखा घरघरत होता. त्या संध्याकाळी मंदिरात नुसतं भजन झालं. ती खांबाला टेकून बसली होती, टाळसुद्धा हातात घेतला नाही. घरी येताना वाटेत एकच वाक्य बोलली.

“बापूजी वाट पाहून राहिले असतील.”

ते वाक्य माझ्या छातीत वर्षभर रुतून होतं. म्हणून यंदा मी ठरवलं होतं, काही झालं तरी हिचं कीर्तन व्हायला पाहिजे. त्यात दिवाळीनंतर तिला एकदा चक्कर आली. धंतोलीत डॉक्टर दीक्षाबाईंकडे नेलं. वयानं आमच्या काजलएवढी पोरगी, पण बोलणं ठाम. रक्तदाब वाढलेला निघाला. गोळी लिहून दिली आणि मग गोपिकेनं जे विचारायचं तेच विचारलं, कीर्तन करू का. डॉक्टरबाई म्हणाल्या, जरूर करा, त्यानं तुमचा जीव रमतो. पण सुट्टीत घर भरलं की दुपारी आडवं व्हायचं, तिखटाच्या धुराजवळ उभं राहायचं नाही, वेळेवर जेवायचं, रात्री वेळेवर झोपायचं. शेवटी पेनाचं टोपण लावता लावता म्हणाल्या, “काकू, तुम्ही बसत नाही, म्हणून तुमचा घसा बसतो.”

ऑटोत बसल्यावर गोपिका या वाक्यावर हसत सुटली. म्हणाली, पोरीले कीर्तनात उभं केलं पाहिजे. हसली खरी, पण ऐकलं नाही.

पोरं आली. स्टेशनवरून घरी येईपर्यंत मयुराच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. नागपूरची थंडी कोरडी, ती अंगात शिरत नाही, चावते. घर भरलं आणि गोपिका उभी राहिली ती उभीच. तसं तिला बसायला सगळेच सांगत होते. काजल सोफ्यावर पाय घेऊन मोबाईल बघता बघता म्हणे, आई, बस ना वं. रोहित तब्येतीची फार काळजी करणारा माणूस, मनगटावर घड्याळ बांधतो त्यात पावलं मोजली जातात. सकाळी अंबाझरी तलावावर धावून आला की तो सासूला सांगे, आई, तुमचा ताण वाढतोय, तुम्ही दीर्घ श्वास घ्या. आणि पोह्यांसाठी रिकामी प्लेट पुन्हा पुढे करे. मी तरी काय वेगळा. एकदा तिला ‘बस घडीभर’ म्हणालो, तेव्हा माझ्या हातात रिकामा कप होता आणि तो मी तिच्याकडेच धरला होता. तिनं कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकला.

मग ठेच्याचा दिवस आला. रोहितला भिवापुरी मिरचीचा ठेचा फार आवडतो. गोपिकेच्या माहेरगावाहून आलेली मिरची, तिनं ती तव्यावर भाजली. घरभर ठसका. मयुरा गॅलरीत पळाली, काजल डोळे पुसत हसत होती, आणि गोपिका पदर नाकाला लावून तव्याशीच उभी. तिला मिरचीचा त्रास होत नाही असं ती सांगते. भिवापूरची आहे न मी, म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बसलो आणि देवघरातून सा आलाच नाही. डोकावून पाहिलं. ती पेटीवर बोट ठेवून बसली होती, तोंड उघडत होती, नुसती हवा येत होती. मग तिनं भाता बंद केला, पेटीवर कापड घातलं आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. पानग्यांची कणीक मळायची होती. एकादशी तोंडावर आली होती.

मी तिथंच उभा राहिलो. समोर देवाजवळ बुक्क्याची डबी होती. तिच्याकडे पाहता पाहता मला भिवापूर आठवलं.

नवं लग्न झालेलं, पहिला हिवाळा. मला सासऱ्यांनी एकादशीच्या कीर्तनाला बोलावलं होतं. भिवापूरच्या शेतात त्या दिवसांत मिरचीचा तोडा सुरू असतो. तोडलेली मिरची वाळत घातलेली, जिकडे पहावं तिकडे लाल जमीन, हवेला तिखट वास. अशा गावात कीर्तनकारानं घसा कसा सांभाळावा? बापूजी मिरचीवाले शेतकरीही होते आणि कीर्तनकारही. हिवाळ्यात त्यांचा नेम ठरलेला. सकाळी शेतात काम, दुपारी जेवण झालं की काम बंद. वाऱ्याची दिशा बघून मिरचीपासून लांब, बोरीच्या झाडाखाली घोंगडी अंथरायची. सगळ्या घरानं तिथं उन्हात बसायचं. उकडलेल्या तुरीच्या शेंगा, फोडलेली संत्री, तळपायाला तिळाचं तेल. सासूबाईंनी उठायचं नाही, सुनांनी उठायचं नाही. कोणी पाणी मागितलं तर बापूजी स्वतः उठत. मला टालीवरच्या माणसाला हे नवल वाटलं. आमच्याकडे दुपार म्हणजे लाकडाच्या ट्रकची वेळ.

त्या संध्याकाळी बापूजी कीर्तनाला उभे राहिले. मला कीर्तनातलं काही कळत नव्हतं. मेहुण्यांनी शिकवून ठेवलं होतं, कीर्तनाचे दोन भाग. आधी अभंगाचं निरूपण, मग मध्यंतर, मग आख्यान. मध्यंतर म्हणजे सिनेमासारखं उठून चहाला जायचं नाही. त्या वेळी कीर्तनकाराला बुक्का लावतात, हार घालतात, तो घडीभर बसून दम घेतो आणि तेवढा वेळ सगळे लोक मिळून नामाचा गजर करतात. बुक्का लावायचा मान यंदा नव्या जावयाला. बापूजींनी विठ्ठल विठ्ठल सुरू केलं की उठायचं, बस, एवढंच.

मी बुक्क्याची वाटी मांडीवर घेऊन टपून बसलो. आणि बापूजी निरूपण रंगात आलेलं असताना, कुण्या भक्ताची हाक कशी असते हे सांगता सांगता, हात वर करून म्हणाले, विठ्ठल, विठ्ठल. मी उठलो. सरळ त्यांच्यापुढे गेलो आणि कपाळाला बुक्का लावून मोकळा झालो. तबला थांबला. बापूजींचा हात हवेत तसाच. वाक्य अर्धं. बायांच्या बाजूनं पदरातलं हसू ऐकू आलं, त्यात गोपिकेचंही होतं. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण एकदा बुक्का लागला की तो पुसत नाहीत. बापूजींनी माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि पाटावर बसले. लोकांनी गजर उचलला, जय जय रामकृष्ण हरी, आणि तो असा चढला की मी जागेवर परत येईपर्यंत माझी लाज कुठे गेली ते कळलं नाही. बापूजी डोळे मिटून बसले होते. मग उठले आणि असं आख्यान केलं की अजून माझ्या कानात आहे.

रात्री पंगतीत मेहुण्यांनी माझं नाव ठेवलं, घाईचा जावई. ते नाव गोपिकेनं आजवर जपून ठेवलं आहे. मी कुठंही लवकर निघालो की ती काढतेच.

दुसऱ्या दिवशी बोरीखाली संत्री सोलता सोलता बापूजी मला म्हणाले, “तुम्ही उठले ते बरं झालं गा जावईबापू. मिरचीचा ठसका मी कवाचा दाबून राहिलो होतो.” मग म्हणाले, कीर्तनकार माणसाच्या सांगण्यानं बसत नसतो. त्याले वाटते, मी बसलो तर कीर्तन बसंल. पण बुक्का लागला की बसायचं, तो देवाचा शब्द. आणि कीर्तन काही बसत नाही, लोक गातात न.

ठसक्याची गोष्ट खरी की माझी लाज राखायला सांगितली, हे मला आजही माहीत नाही. गोपिका म्हणते, राखायला. बापूजी तसेच होते.

हे सगळं आठवत मी देवघरासमोर उभा होतो आणि स्वयंपाकघरातून परातीचा आवाज येत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आम्ही सगळे तिला बस म्हणत होतो, पण गजर कोणीच उचलला नव्हता. मग ती बसणार कशी?

मी डबी घेतली आणि स्वयंपाकघरात गेलो. एका शेगडीवर वरण उकळत होतं, दुसरीवर वांगी भाजत होती, तिचे दोन्ही हात कणकेत. काजल दारात उभी राहून आज संध्याकाळी फुटाळा तलावावर जायचं का असं विचारत होती. मी पुढे झालो आणि गोपिकेच्या कपाळाला बुक्का लावला.

ती थांबली. तिचा बसलेला आवाज जेमतेम निघाला. “तुम्ही काय करून राहिले?”

“मध्यंतर,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता परात अंगावर येते. पण बापूजींची लेक होती ती. हात जोडायला गेली, हात कणकेनं भरलेले, तसेच जोडले. आणि तिथंच, ओट्याला पाठ लावून, पाटावर बसली.

पुढं काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. मी वांग्याखालची शेगडी बारीक केली आणि टाळ्या वाजवत जय जय रामकृष्ण हरी सुरू केलं. माझा आवाज कसा आहे ते सांगितलंच. काजल आधी हसली. मग तिनं आईच्या कपाळाकडे पाहिलं, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. लहानपणी ती आजोबांच्या कीर्तनाला मांडीवर झोपायची, तिला सांगावं लागलं नाही. ओढणी कमरेला खोचून ती परातीसमोर बसली. मयुरा कुठून तरी झांजा घेऊन आली आणि रोहित धावून आलेला, घामाघूम, दारात उभा.

“बाबा, काय झालं?”

काजलनं मान वर न करता सांगितलं, “आईचं मध्यंतर आहे. तू पानगे कर.”

“मला येत नाहीत.”

“मले तरी कुठं येतात? ये.”

पानगे चौकोनी झाले, त्रिकोणी झाले, एक तर सरळ मयुराच्या हातून खाली पडला. गोपिकेला बसवेना. चारदा ती उठायला गेली आणि चारदा मयुरानं कपाळाकडे बोट दाखवलं. शेवटी ती हळूच म्हणाली, पानगे कच्चे राहतील. मी म्हणालो, राहू दे, कीर्तन पिकू दे.

कच्चेच राहिले. वरणात बुडवून सगळ्यांनी खाल्ले.

त्या दिवसापासून घराला वळण लागलं. सकाळचं काम आटोपत आलं की मयुरा डबी घेऊन आजीपुढे उभी राही. बुक्का लागला की गोपिका बाहेर, गच्चीवर. भिवापूरचं शेत आता मेहुण्यांनी विकलं, बोरीचं झाड राहिलं नाही, पण ऊन तेच आहे. गच्चीवर सतरंजी, परातीत संत्री, काजलनं कुकरला लावलेल्या तुरीच्या शेंगा. गोपिकेनं बोलायचं नाही असं डॉक्टर दीक्षाबाईंनी फोनवर बजावलं होतं, म्हणून ती हातवारे करी. तिच्या हातवाऱ्यांत बापूजी दिसायचे, संत्र्याची फोड हातात धरून ती तोंडात टाकायच्या आधी बियांची संख्या ओळखायचा त्यांचा खेळ, हरले की मुद्दाम रुसणं. काजलनं आईच्या तळपायाला तेल लावलं. म्हणाली, आजोबा आजीला असंच लावून द्यायचे ना वं? आजी लाजायची. गोपिकेनं मान हलवली आणि पाय ओढून घेतले नाहीत. एरवी घेते.

ताडोब्याची सफारी ठरलेली होती, तिकडे पोरं तिघंच गेली. मॉल राहिला, फुटाळा राहिला. एका दुपारी पाहिलं तर रोहित गच्चीत आडवा, तोंडावर रुमाल, घड्याळ काढून कठड्यावर ठेवलेलं. पावलं मोजायला कोणी नव्हतं. मला वाटलं, आपणही हे विसरलोच होतो. हिवाळ्याची सुट्टी म्हणजे अंगाला विसावा, हे बापूजींना मिरचीच्या शेतात माहीत होतं आणि आम्ही सुट्टीला पळवून पळवून तिची शर्यत करून टाकली.

सा हळूहळू परत आला. आधी फाटका, मग जरा जाड. पूर्ण नाही आला.

यंदा एकादशी इंग्रजी वर्षाच्या शेवटच्या दिवशी आली होती. थंडीमुळे कीर्तन उन्हं असतानाच ठेवलं. बाहेर गल्लीत पोरांनी नव्या वर्षाचे दिवे लावायला घेतले होते आणि आत उदबत्तीचा वास. गोपिका हिरवी नऊवारी नेसून उभी राहिली, खांद्यावर बापूजींचं उपरणं. बुक्क्याचा मान जावयाचा, म्हणून वाटी रोहितच्या मांडीवर. मी त्याला नीट शिकवलं होतं. आईंनी गजर सुरू केला की उठायचं, आधी नाही. माझी फजिती त्याला काजलनं आधीच सांगितली असल्यामुळे तो फारच सावध बसला होता.

निरूपण सुरू झालं. आवाज बरा होता. मंदिर भरलं होतं, गेल्या वर्षी हुकलं म्हणून यंदा जास्तच माणसं. ती रंगात आली, वर चढली, आणि मला तो आवाज ऐकू आला. आरा लाकडाच्या गाठीवर येतो तेव्हा बदलतो तसा. बाकी कोणाला कळला नसेल. तिनं चिपळ्या किंचित खाली घेतल्या, आवंढा गिळला, पुढचं वाक्य खालच्या पट्टीत घेतलं. निरूपण अजून बरंच बाकी होतं. मला माहीत होतं, ती थांबणार नाही. स्वतःहून ती कधीच थांबत नाही.

मी रोहितच्या कोपराला हात लावला. “ऊठ.”

“बाबा, गजर कुठे सुरू झालाय? तुम्हीच सांगितलं होतं—”

“ऊठ म्हणतो न गा.”

माझ्या तोंडून त्याच्यासाठी कधी असं घरच्या माणसाचं ‘गा’ निघालं नव्हतं. तो उठला. भर निरूपणात, सगळ्यांच्या देखत, वाटी सांभाळत पुढे गेला आणि सासूच्या कपाळाला बुक्का लावला. तबला थांबला. बायांच्या बाजूनं हसू आलं. मागून गल्लीतलं कोणी तरी म्हणालं, या घरचे सगळे जावई घाईचे. रोहितचे कान लाल झालेले मला इथून दिसत होते.

गोपिकेनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे. हात जोडले आणि पाटावर बसली.

आणि लोकांनी गजर उचलला. मी टाळ वाजवत होतो, काजल गात होती, मयुरा झांजा ताल सोडून कशाही आपटत होती, आणि रोहित परत आला तो इतक्या मोठ्यानं आणि इतका बेसूर गायला की मला पहिल्यांदा त्याच्यावर मुलासारखी माया आली. गजर लांबला. मी टाळकऱ्यांना मुद्दाम खूण करत होतो, अजून, अजून. ती डोळे मिटून बसली होती, तिच्या खांद्यावरचं उपरणं श्वासाबरोबर वर-खाली होत होतं, आधी भरभर, मग सावकाश.

मग ती उठली. आख्यान बापूजींचं आवडतं घेतलं होतं. आवाज स्वच्छ होता असं मी म्हणणार नाही, त्याला एक चीर होती. पण तो शेवटपर्यंत गेला. आरतीला ती उभी होती, स्वतःच्या पायांवर, खांबाला न टेकता.

घरी आल्यावर उकडलेली रताळी आणि गरम दूध घेऊन आम्ही बसलो. बाहेर कुठं तरी फटाके वाजत होते. रोहितनं विचारलं, आई, मी चुकलो ना? सगळे हसत होते. माझ्याकडे मात्र त्यानं पाहिलं नाही, माझं नाव घेतलं नाही. चांगला माणूस आहे.

गोपिकेच्या कपाळावर बुक्का अजून तसाच होता. तिनं रताळ्याचं साल काढलं आणि तुकडा त्याच्या ताटलीत ठेवला.

“तुम्ही उठले ते बरं झालं जावईबापू,” ती म्हणाली. “ठसका मी कवाचा दाबून राहिली होती.”

मी तिच्याकडे पाहिलं. आवाजातली ती गाठ मी खरंच ऐकली होती, की मला ती ऐकायची होती, आता मला सांगता येईना. तिला विचारावं असं वाटलं. पण ती काजलकडे वळून म्हणाली, उद्याचा चहा कोण करणार आहे ते आत्ताच ठरवा, मी उशिरा उठीन.